बोलायचा थांबला, बोलायला थांबला

आठवीच्या एका वहीत वाक्य होतं : 'माय फादर स्टॉप्ड टू ड्रिंक.' 'माझे कुटुंब' या विषयावरचा दहा ओळींचा इंग्रजी निबंध. मी 'टू ड्रिंक'खाली लाल रेघ मारली, वर 'ड्रिंकिंग' लिहिलं, अर्धा गुण कापला आणि पान उलटलं. तेव्हा मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात इंग्रजी शिकवत होतो. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती मुलगी वही घेऊन आली. गुणांबद्दल तिची काहीच तक्रार नव्हती. लाल रेघेवर बोट ठेवून ती हळूच म्हणाली, "सर, पप्पान सोरो सोडला. खरेंच सोडला. आतां पियेना तो."

तिला वाटलं होतं, मी तिच्या बापाच्या दारू सोडण्यावरच रेघ मारली.

मी तिला म्हटलं, "तसं नाही गं बाय, स्टॉपच्या पुढे आयएनजी येतं. यादीत आहे. पाठ कर." ती मान हलवून गेली. तिने लिहिलेल्या वाक्याचा अर्थ 'बाबा दारू प्यायला थांबले' असा होतो, म्हणजे तिला सांगायचं होतं त्याच्या नेमका उलट, हे मी तिला सांगितलंच नाही. सांगायला हवं हे मला सुचलंही नाही. त्या उत्तराची मला आजही लाज वाटते, आणि हा लेख त्या लाजेपोटीच लिहितो आहे.

कारण तो फरक त्या मुलीला येत होता. तिच्या कोकणीत येत होता, शाळेतल्या मराठीतही येत होता. 'तो बोलायचा थांबला' आणि 'तो बोलायला थांबला' ही दोन वाक्यं पाच वर्षांच्या पोरापुढे ठेवा. पहिल्यातला माणूस गप्प झाला, दुसऱ्यातला रस्त्यात उभा राहून गप्पा मारतो आहे, हे ते पोर लगेच सांगेल. 'चा' आणि 'ला' एवढाच काय तो फरक. इंग्रजीत 'स्टॉप्ड टॉकिंग' आणि 'स्टॉप्ड टू टॉक' यांच्यात आहे तोच. कोकणीतही 'पियेवप सोडलें' आणि 'पियेवपाक रावलो' यांत कुणाची गल्लत होत नाही. ज्या मुलीच्या तोंडात दोन भाषांतून हा भेद खेळत होता तिला मी यादी पाठ करायला सांगितली.

माझं म्हणणं सरळ आहे. जेरंड आणि इन्फिनिटिव्ह, म्हणजे क्रियापदाला आयएनजी लावून केलेलं नाम आणि 'टू' लावून केलेलं रूप, हे प्रकरण गोव्यातल्या मुलांना मराठी-कोकणीतूनच शिकवलं पाहिजे. मुलं कच्ची आहेत, त्यांची सोय व्हावी, म्हणून मी हे म्हणत नाही. हे प्रकरण उलगडणाऱ्या किल्ल्या आपल्या भाषांत आधीच आहेत, आणि इंग्रजीच्या तासाला आपण त्या मुलांच्या हातातून काढून घेतो, म्हणून म्हणतो.

शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकांत या प्रकरणाच्या बहुधा चार याद्या असतात. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, सजेस्ट यांच्यापुढे आयएनजी. वॉन्ट, होप, डिसाइड, प्रॉमिस, रिफ्यूज यांच्यापुढे टू. मग दोन्ही चालतात अशी लाइक, लव्ह, स्टार्ट, बिगिन. आणि अगदी शेवटी, परीक्षा तोंडावर आली की घाईघाईने उरकायची चौथी यादी : दोन्ही चालतात, पण अर्थ बदलतो. स्टॉप, रिमेंबर, फर्गेट, ट्राय, रिग्रेट, गो ऑन. अनेक वर्षं मीही याच क्रमाने शिकवलं. आता मी हा क्रम उलटा करतो. चौथी यादी आधी. कारण या दोन रूपांत अर्थ काय फिरतो तो फक्त तिथेच उघडा दिसतो. पहिल्या दोन याद्यांत तो झाकलेला असतो आणि मुलाला वाटतं की हा सगळा इंग्रजांचा लहरीपणा आहे.

एक एक शब्द घेऊन बघा. 'फर्गेट' घ्या. 'मी दार लावायला विसरलो' म्हणजे दार उघडंच राहिलं. 'मी दार लावल्याचं विसरलो' म्हणजे दार लागलेलं आहे, माझ्या लक्षात नाही एवढंच. इंग्रजीत पहिल्याला 'टू लॉक', दुसऱ्याला 'लॉकिंग'. 'रिमेंबर'चंही तसंच : 'औषध आठवणीने घे' म्हणताना औषध अजून घ्यायचं आहे, म्हणून 'टू टेक'; 'औषध घेतल्याचं आठवतंय' म्हणताना ते पोटात गेलेलं आहे, म्हणून 'टेकिंग'. 'रिग्रेट'ला 'कळवायला वाईट वाटतं' एकीकडे आणि 'कळवल्याचा पश्चात्ताप होतो' दुसरीकडे. नोकरीचा अर्ज फेटाळणाऱ्या पत्रात 'रिग्रेट टू इन्फॉर्म' का असतं आणि 'इन्फॉर्मिंग' का नसतं, हे पोरांना यातून एका मिनिटात कळतं.

सगळ्यांत सुरेख जोडी 'ट्राय'ची आहे. 'त्याने खिडकी उघडायचा प्रयत्न केला' यात खिडकी गच्च बसलेली आहे, उघडली की नाही माहीत नाही. हे झालं 'ट्राइड टू ओपन'. 'त्याने खिडकी उघडून पाहिली' यात खिडकी सहज उघडली, पण वारा येतो का हे त्याला बघायचं होतं; हे झालं 'ट्राइड ओपनिंग'. इंग्रजीतून इंग्रजी समजावणाऱ्या पुस्तकाला हा भेद सांगायला अर्धं पान लागतं. मराठीत 'करून पाहणे' एवढे दोन शब्द पुरतात. एरवी मागच्या बाकावर मान खाली घालून बसणारी मुलं या जोडीला मान वर करतात, हे मी दरवर्षी बघतो. 'मीठ घालून पाहिलं', 'फोन बंद करून पाहिला', 'बाबांना सांगून पाहिलं' अशी वाक्यं त्यांच्याकडून धडाधड येतात आणि प्रत्येक वाक्याचं इंग्रजी बरोबर येतं.

एवढ्या जोड्या फळ्यावर मांडल्या की मुलंच सांगतात : 'टू' जिथे येतं तिथे काम अजून पुढे आहे, आयएनजी येतं तिथे काम झालेलं आहे किंवा चालू आहे. मराठीतही 'लावायला', 'प्यायला', 'बोलायला' हे पुढच्या कामाकडे बोट दाखवतात. यामागे एक गंमतशीर साम्यही आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या 'टू'नंतर येणारं क्रियापदाचं रूप चतुर्थीचा प्रत्यय घ्यायचं. पुढे तो प्रत्यय झिजून गेला, 'टू' तेवढा उरला. आणि आपल्या 'बोलायला'च्या शेवटी काय बसलं आहे? विभक्तीच्या तक्त्यात घोकलेल्या 'स, ला, ते'मधला 'ला'. पणजीला जातो तो 'ला' आणि बोलायला जातो तोही 'ला'. तिकडे 'टू पणजी' आणि 'टू टॉक'. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वाट धरली. आयएनजीचं नाम मात्र वेगळ्या घराण्यातलं : ते पहिल्यापासून क्रियापदाचं नाम करणाऱ्या प्रत्ययातून आलं. 'बिल्डिंग' हा शब्द आपण रोज वापरतो त्यात तो अजून आहे. आपलं 'णं' तेच काम करतं : पोहणं, वाचणं, भांडणं.

आता चुकांकडे येतो, कारण चुकांमध्येच मराठीचा खरा उपयोग आहे. आपली मुलं हमखास लिहितात : 'आय एन्जॉय टू प्ले.' यादी दहादा पाठ करूनही लिहितात. का? कारण आपण म्हणतो 'मला खेळायला मजा येते'. डोक्यात 'खेळायला' आहे, त्याचं प्रामाणिक रूपांतर 'टू प्ले' झालं. मूल आळशी नाही, त्याने विचार करून चूक केली आहे. त्याला एवढंच सांगायचं असतं की बाळा, 'एन्जॉय'च्या दारात आलास की 'खेळायला मजा येते'चं आधी 'खेळण्याची मजा घेतो' कर, मग इंग्रजीत जा. ही एक पायरी मधे घातली की चूक जाते. पण ही पायरी सांगायला शिक्षकाला मुलाच्या डोक्यातलं मराठी वाक्य ठाऊक हवं आणि ते वर्गात मोठ्याने उच्चारायची मोकळीक हवी.

तशीच 'लेट मी टू गो' ही चूक. शिक्षक सांगतात, 'लेट'नंतर टू येत नाही, पाठ करा. पण मराठीत आपण 'मला जायला दे' क्वचितच म्हणतो. म्हणतो 'मला जाऊ दे'. आणि 'जाऊ शकतो', 'जाऊ नकोस'. त्या 'जाऊ'ला 'ला' चिकटलेला नाही. तिकडेही 'लेट मी गो', 'कॅन गो', 'डोन्ट गो'. कुठेच 'टू' नाही. मी आठवीला हे पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं तेव्हा मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं होतं, कारण इतकी वर्षं इंग्रजी शिकवूनही मी माझी मराठी कधी नीट ऐकली नव्हती.

नोकरीच्या अर्जातली चूक आणखी महाग पडते. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, हॉटेलात, बोटीवर जायला निघालेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे अर्ज माझ्याकडे तपासायला येतात. बहुतेकांच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू' असतं. 'टू'नंतर मूळ रूप, हा नियम त्यांनी चोख पाळलेला असतो आणि तिथेच ते फसतात, कारण हा 'टू' त्या जातीचा नाही. 'आपल्या उत्तराची वाट पाहतो', 'आपलं उत्तर येण्याची वाट पाहतो' : दोन्हीकडे 'ची', म्हणजे इथे नामाची जागा आहे. नाम बसतं तिथे आयएनजीच बसणार, म्हणून 'हिअरिंग'. 'रात्रपाळीची सवय आहे' आणि 'रात्री काम करण्याची सवय आहे' यांचंही तेच. एकदा हे कळलं की मुलगा पुन्हा चुकत नाही.

मराठी इथे सगळीकडे पुरते असा माझा दावा नाही. 'जाण्यापूर्वी', 'जाण्याबद्दल', 'जाण्याऐवजी' या ठिकाणी 'ण्या' दिसला की इंग्रजीत डोळे मिटून आयएनजी लावावं. पण 'जाण्यासाठी' आलं की गाडी रुळावरून घसरते आणि मुलं 'फॉर टू गो' लिहून मोकळी होतात. 'जाण्याचं ठरवलं', 'येण्याचं वचन दिलं' यांतही 'ण्या' आहे आणि इंग्रजीत मात्र 'टू'. तिथे काम पुढे आहे की मागे, हा दुसरा प्रश्न विचारावा लागतो. आणि 'सजेस्ट', 'कन्सिडर' यांच्यापुढे तर काम पुढचं असूनही आयएनजी येतं. ते वाचून, ऐकून, वापरूनच अंगवळणी पडतं. पण शंभर शब्द घोकण्याऐवजी दहा-बारा आडमुठे शब्द लक्षात ठेवणं, यात केवढं अंतर आहे!

आता मूळ दुखण्याकडे वळतो. शिक्षणाच्या भाषेवरून गोव्यात आपण पोटतिडकीने भांडलो. १९९० साली प्रादेशिक भाषांतल्या प्राथमिक शाळांनाच अनुदान द्यायचं धोरण आलं, २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदानाचं दार उघडलं, आणि मग मोर्चे, सभा, निवडणुका सगळं त्या एका प्रश्नाभोवती फिरलं. त्या लढ्यात मी मराठीच्या बाजूने होतो, आजही आहे. पण आमचा सगळा लढा चौथीच्या उंबरठ्यावर येऊन संपतो, ही आमची मोठी उणीव आहे. चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकलेलं मूल पाचवीत जातं आणि एका उन्हाळ्यात त्याचं गणित, विज्ञान, इतिहास सगळं इंग्रजीत जातं. त्याच दिवशी वर्गाच्या भिंतीवर 'स्पीक ओन्ली इन इंग्लिश' अशी पाटी त्याला भेटते. काल ज्या भाषेत त्याला पाढे कळले, क्रियापद कळलं, कर्ता-कर्म कळलं, ती भाषा आज शिस्तभंग ठरते. त्या मुलाचं पुढे काय होतं याबद्दल इंग्रजीवाले बोलत नाहीत आणि आम्ही मराठीवालेही बोलत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत, शक्य तर आठवीपर्यंत घरची भाषा शिक्षणाचं माध्यम असावी असं लिहिलेलं आहे. ते होईल तेव्हा होवो. इंग्रजीच्या तासाला मराठीत एक वाक्य उच्चारायला मात्र कुठल्या अध्यादेशाची वाट बघावी लागत नाही.

माझे काही सहकारी म्हणतात, 'हे पुन्हा तर्खडकरी भाषांतराकडे जाणं झालं. मुलांनी इंग्रजीत विचार करायला शिकलं पाहिजे.' त्यांची कळकळ मला मान्य आहे. तासाचा बहुतेक वेळ इंग्रजीतच जावा, मुलांनी ऐकावं, बोलावं, गोष्टी वाचाव्यात, यावर माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण मराठी बोलायला बंदी केली म्हणून मुलाच्या डोक्यातली मराठी बंद होत नाही. ते भाषांतर करतंच. फक्त चोरून करतं, एकट्याने करतं, म्हणून चुकीचं करतं. 'एन्जॉय टू प्ले' हे त्या चोरट्या भाषांतराचंच पोर आहे. उघड्यावर आणलं तरच ते दुरुस्त होईल.

आणि भाषा शिकणाऱ्याला त्याला येणाऱ्या भाषेतून समजवावं, ही वाट गोव्याला नवी नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ साली इथे आला, चाळीस वर्षं इथेच राहिला, इथेच वारला. मराठीत त्याने हजारो ओव्या रचल्या. इथल्या लोकभाषेचं व्याकरणही त्याने लिहिलं; ते त्याच्या मागे १६४० साली रायतूरला छापलं गेलं. ते व्याकरण पोर्तुगीज भाषेत होतं. कारण उघड आहे : ज्या पाद्र्यांना ती भाषा शिकायची होती त्यांना पोर्तुगीज येत होती. आपल्या मातीत चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाला जे उमगलं ते आपण आपल्याच लेकरांसाठी अमलात आणत नाही.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. आज गोव्याच्या वर्गात सगळी मुलं मराठी-कोकणी बोलणारी नसतात. साखळी, म्हापसा, वास्को, कुठेही जा, घरी कन्नड बोलणारी, हिंदी बोलणारी मुलं बाकावर शेजारी शेजारी बसतात. त्यांचं काय? या हरकतीने मी बराच काळ अडलो होतो. मग एका वर्गात मी नुसतं विचारलं : 'हे दोन प्रकार तुमच्या घरी कसे म्हणतात?' उत्तर कर्नाटकातून आलेल्या एका मुलाकडून आलं. 'होगुवुदु' म्हणजे जाणं, 'होगलु' म्हणजे जायला. हिंदीवाल्या मुलीने 'पीना छोड दिया' आणि 'पीने के लिए रुका' हे न अडखळता सांगितलं. त्या दिवशी फळ्यावर पाच भाषा होत्या. शिक्षकाला पाचही यायची गरज नव्हती. प्रश्न विचारता आला की पुरे. घरची भाषा वर्गात आणायला कमीपणा वाटणाऱ्या त्या कन्नड मुलाने पुढचा आठवडाभर मला प्रत्येक क्रियापदाची दोन रूपं आणून दिली.

शिक्षकांना मी दोष देत नाही. त्यांच्यावर प्रश्नपत्रिकेचं ओझं आहे. 'योग्य रूप वापरून रिकामी जागा भरा' असा एका गुणाचा प्रश्न विचारला जाणार असेल तर शिक्षक याद्याच पाठ करून घेणार. म्हणून बदल तिथूनच सुरू झाला पाहिजे. रिकामी जागा काढून टाका. दोन्ही बरोबर अशी दोन इंग्रजी वाक्यं द्या, अर्थातला फरक विचारा, आणि तो फरक मुलाला हव्या त्या भाषेत, मराठीत, कोकणीत, हिंदीत लिहू द्या. इंग्रजीचा पेपर आहे, त्यात मराठी कशी चालेल, असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो : आपल्याला तपासायचं काय आहे? इंग्रजी वाक्य मुलाला कळलं का, हेच ना? मग ते कळल्याचा पुरावा तो ज्या भाषेत नीट देऊ शकतो त्या भाषेत घ्यायला काय हरकत आहे?

माझ्या स्वतःच्या चाचणी परीक्षेत मी हे सुरू केलं. गेल्या वर्षी 'माय फादर स्टॉप्ड ड्रिंकिंग' आणि 'माय फादर स्टॉप्ड टू ड्रिंक' ही दोन वाक्यं दिली आणि फरक विचारला. बहुतेकांनी 'प्यायचे थांबले', 'प्यायला थांबले' असं नेमकं लिहिलं. एका मुलाने व्याकरणाचा एकही शब्द वापरला नव्हता. त्याने मराठीत लिहिलं होतं, 'पहिल्या घरात सगळे एकत्र जेवले. दुसऱ्या घरात एक ताट झाकून ठेवले आहे.'

मी त्याला पूर्ण गुण दिले.